आयटूसी ड्रायव्हर: टाइमआउट होऊनही एरर का येत नव्हता

वेर्ण्याला आमच्या ऑफिसात एका सहकाऱ्याने लिनक्सचा आयटूसी ड्रायव्हर (दोन तारांच्या बसवरून सेन्सरसारख्या चिप्सशी बोलणारा कोड) तपासायला दिला. आर्द्रतेचा सेन्सर मधूनच जुनंच रीडिंग परत देत होता. गोव्याच्या पावसाळ्यात आकडा तसाही फारसा हलत नाही, त्यामुळे हे बरेच दिवस लक्षात आलं नव्हतं.

सगळ्यांचा संशय वायरिंगवर. मला मात्र लॉगमध्ये एकही एरर नाही हेच खटकत होतं, म्हणून थेट डेटाची देवाणघेवाण करणारं ट्रान्सफर फंक्शन उघडलं. तिथे ‘वेट फॉर कम्प्लिशन टाइमआउट’ या, काम पूर्ण होण्याची ठरावीक वेळ वाट पाहणाऱ्या कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) फंक्शनचं उत्तर शून्यापेक्षा कमी आहे का, एवढंच तपासलं होतं. पण हे फंक्शन ऋण आकडा देतच नाही! वेळ संपली तर 0, काम झालं तर उरलेले जिफीज (कर्नलच्या घड्याळाचे टिक). म्हणजे इंटरप्ट (हार्डवेअरकडून येणारा इशारा) आला नाही तरी ड्रायव्हर यश कळवणार आणि वरच्या कोडला बफरमधला (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेतला) जुना डेटा मिळणार.

दुरुस्ती: 0 आल्यास आधी कंट्रोलरचे (बस चालवणाऱ्या हार्डवेअरचे) इंटरप्ट बंद करायचे, मग टाइमआउटचा एरर परत करायचा. हा क्रम महत्त्वाचा, कारण उशिरा आलेला इंटरप्ट पुढच्या ट्रान्सफरचा बफर बिघडवू शकतो. प्रत्येक ट्रान्सफरआधी कम्प्लिशन (‘काम झालं’ ही खूण) पुन्हा रीसेट करायलाही सांगितलं.

मग खरा दोष दिसला. सेन्सर मध्येच एसडीए लाइन (डेटाची तार) खाली, म्हणजे लो पातळीवर, धरून बसत होता. कर्नलची बस रिकव्हरी जोडली. ती एससीएलवर (क्लॉकच्या तारेवर) 9 पर्यंत पल्स देऊन लाइन सोडवते. आता टाइमआउट लॉगमध्ये दिसतो आणि पुढचं रीडिंग ताजं येतं.