बोअरच्या नोंदींवरून जमिनीखालची वाळू त्रिमितीत कशी पाहायची

यावलकडे तापीच्या गाळात बोअर होताना बोअर मारणारा गाडीवाला सांगत जातो: आता काळी, आता पिवळी, आता वाळू लागली. पाणी वाळूत, म्हणून मी या नोंदी वर्षानुवर्षं वहीत उतरवल्या. पण थर कुठून कुठे जातो ते वहीत दिसत नाही. त्यासाठी पॅराव्ह्यू हे त्रिमितीत चित्र दाखवणारं सॉफ्टवेअर घ्या, मोफत आहे.

एक्सेलमध्ये दर मीटरला एक ओळ करा: पूर्व, उत्तर, उंची आणि वाळू असेल तर १, नसेल तर ०. अक्षांश-रेखांश अंशांत असतात, ते तसेच टाकू नका. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम झोन ४३ उत्तर (आपल्या भागाची मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत) निवडून मीटर करून घ्या. गाडीवाल्याचे फूट ०.३०४८ ने गुणा.

खोली जमिनीपासून मोजलेली असते. बोअरच्या तोंडाच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीतून ती वजा करायचीच. मी पहिल्यांदा हे विसरलो. सातपुड्याच्या पायथ्याचे आणि नदीकाठचे बोअर एका पातळीवर बसले, आणि त्या चुकीच्या थरावरून मी एकाला बोअरची जागा सांगायला निघालो होतो. वेळीच लक्षात आलं.

शिवार पाच-सहा किलोमीटरचं, खोली शंभर मीटर; चित्र पापडासारखं चपटं येतं. म्हणून उंची २० ने गुणा, आणि तीही एक्सेलमध्येच. नुसतं चित्र ताणून भागत नाही. बोअरांच्या मधली जागा अंदाजाने भरणारा पॅराव्ह्यूचा 'पॉइंट व्हॉल्यूम इंटरपोलेटर' ('गॉसियन'सारखा पर्याय निवडला तर) गोलाकार परीघ घेऊन ती भरतो. शेजारचा बोअर ५०० मीटरवर असेल तर तेवढ्या परिघात एकाच बोअरची काळी, पिवळी, वाळू सगळी कालवली जाते. उंची आधीच ताणली की थर एकमेकांपासून दूर जातात आणि हे कमी होतं.

आता एक्सेलची फाइल सीएसव्ही (साधा मजकूर) म्हणून जतन करून पॅराव्ह्यूमध्ये उघडा. आधी 'टेबल टू पॉइंट्स' (ओळींचे बिंदू करतो), मग इंटरपोलेटर, मग 'कंटूर' ०.५ वर, म्हणजे वाळूचा १ आणि बिनवाळूचा ० यांच्या मधोमध. वाळूचा पृष्ठभाग उभा राहतो. या पद्धतीचं मूळ लॉरेन्सन आणि क्लाइन यांच्या १९८७ च्या 'मार्चिंग क्यूब्ज' या संगणकीय रीतीत आहे: छोट्या घनाचे आठ कोपरे आत की बाहेर, याच्या २५६ शक्यता, आणि प्रत्येकीचे त्रिकोण आधीच ठरलेले. मूळ बोअरचे बिंदूही चित्रात राहू द्या. जिथे ते विरळ, तिथला पृष्ठभाग अंदाजच आहे.

पृष्ठभागाऐवजी सगळा भाग धुक्यासारखा अर्धपारदर्शक दाखवणारं व्हॉल्यूम रेंडरिंग सुंदर दिसतं, पण शेतकऱ्याला त्यात थराची कड सापडत नाही. 'क्लिप' (चित्र एका पडद्याने कापून आतलं दाखवणारी सोय) लावा आणि माउस त्यांच्या हातात द्या. एका केळीवाल्या काकांनी कापणारा पडदा स्वतःच उत्तरेकडे सरकवत नेला, थांबले, परत मागे आणला. वाळू त्यांच्या विहिरीच्या अलीकडेच संपत होती.

"म्हणजे भो, विहिरीजवळ नको," ते म्हणाले, "बांधाकडे पाहू."