जुनं मोबाइल होम घ्यावं की अपार्टमेंटच्या भाड्यातच राहावं?

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, सनीवेल, सॅन होजे भागात दोन बेडरूमचं भाडं भरायला लागलं की काही महिन्यांतच मनात हिशेब सुरू होतो. एवढे पैसे दर महिन्याला घरमालकाला देण्यापेक्षा एखादं जुनं मोबाइल होम, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून बसवलेलं घर, घेतलं तर? इथल्या साध्या घराच्या किमतीपुढे त्याची किंमत फारच कमी दिसते. दाराशी गाडी लावता येते, चार कुंड्या ठेवायला जागा मिळते, डोक्यावर कोणाची पावलं वाजत नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत नवीन आलेली जोडपी मला हे वारंवार विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. तुम्ही एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर असाल आणि ग्रीन कार्ड (कायम राहण्याचा परवाना) अजून लांब असेल, तर अपार्टमेंटच घ्या. महिन्याचा खर्च जास्त दिसला तरी घ्या.

गावाकडे घर घेताना आपण आधी सातबारा बघतो. इथेही पहिला प्रश्न तोच: जमीन कोणाची? बे एरियातल्या बहुतेक पार्कांत, म्हणजे अशा घरांच्या वसाहतींत, घर तुमचं असतं, पण खालची जागा पार्कच्या मालकाची. तिचं दरमहा भाडं द्यावं लागतं, त्याला स्पेस रेंट म्हणतात. घराचं कर्ज फिटलं तरी ते संपत नाही. शिवाय जमीन नसलेल्या अशा घराला नेहमीचं गृहकर्ज सहसा मिळत नाही. जे कर्ज मिळतं त्याचा व्याजदर चढा आणि मुदत कमी असते. आपल्यासारख्या नवीन माणसाचा क्रेडिट स्कोअर अजून तयार झालेला नसतो, त्यामुळे तेही महाग पडतं. म्हणून जाहिरातीतल्या किमतीवर जाऊ नका. कर्जाचा हप्ता, स्पेस रेंट, विमा, कर आणि दुरुस्ती यांची बेरीज अपार्टमेंटच्या भाड्याशेजारी मांडा. फरक कितीतरी कमी झालेला दिसेल.

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे ती बाहेर पडण्याची. एच-१बीवर नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात नवी नोकरी, नाहीतर परतीची तयारी. अशा वेळी अपार्टमेंटचं लीज मध्येच सोडावं लागलं, तरी कॅलिफोर्नियात घरमालकाला नवा भाडेकरू शोधण्याचा वाजवी प्रयत्न करावाच लागतो. नवा भाडेकरू आला की तुमच्यामागचं भाडं थांबतं. मोबाइल होम मात्र विकावंच लागतं, आणि विकलं जाईपर्यंत स्पेस रेंट चालू राहतं. ‘भाड्याने देऊन जाऊ’ असं मनात धरू नका, कारण बहुतेक पार्कांच्या नियमांत घर दुसऱ्याला भाड्याने द्यायला मनाई असते. घर उचलून दुसरीकडे नेण्याचा विचारही सोडा. ही घरं कारखान्यातून चाकांवर येतात, पण एकदा बसवल्यावर सहसा हलत नाहीत. हलवायला हजारो डॉलर लागतात आणि जुनं घर दुसरा पार्क बहुधा घेतच नाही. घाईत विकणाऱ्याला काय भाव मिळतो, हे वेगळं सांगायला नको.

ग्रीन कार्ड झालंय, मुलांची शाळा ठरली आहे, घराची किंमत बरीचशी रोख देता येते, अशा कुटुंबाला मात्र मी मोबाइल होम नक्की बघायला सांगेन. ‘ट्रेलर पार्कमध्ये राहतात’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांकडे अजिबात लक्ष देऊ नका. तिथे कष्टाने घर सांभाळणारी, शेजारधर्म पाळणारी माणसं राहतात, आणि मुलांना खेळायला मोकळी जागा मिळते.

फक्त पार्क कोणत्या प्रकारचा आहे ते आधी विचारा. अनेक पार्क ५५ वर्षांवरच्यांसाठी राखीव असतात, तिथे तरुण जोडप्याला सहसा घर घेता येत नाही. दुसरं, स्पेस रेंट किती वाढू शकतं? कॅलिफोर्नियात वाढीची लेखी सूचना ९० दिवस आधी द्यावी लागते, पण वाढ किती करायची यावर मर्यादा आहे की नाही, हे बहुतेक ठिकाणी शहराच्या नियमांवर ठरतं. सॅन होजेत १९७९ पूर्वीच्या जागांना वर्षाला ३ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान, महागाईच्या निर्देशांकाला धरून मर्यादा आहे. विकणारा आज किती भरतो यावर जाऊ नका, तुम्हाला किती भरावं लागेल ते पार्कच्या ऑफिसकडून लेखी घ्या.

घर बघताना आधी त्याचं साल शोधा. १५ जून १९७६ पासून या घरांना केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याची (हड, HUD) बांधकामाची मानकं लागू झाली. त्यानंतरच्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून छोटी लाल धातूची पट्टी असते, आणि आत स्वयंपाकघरातल्या कपाटात, वॉर्डरोबमध्ये किंवा विजेच्या पॅनेलजवळ माहितीचा कागद चिकटवलेला असतो. त्याआधीचं घर स्वस्त मिळालं तरी नवीन माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. वायरिंग, विमा, कर्ज, तिन्हींकडे अडतं.

मग घरात शिरून आतल्या फ्लोअरवर चालून बघा. बाथरूम, वॉशिंग मशीन आणि गीझर यांच्याभोवती पाय दबला, तर खालचा पार्टिकल बोर्ड (लाकडाच्या भुश्याची दाबलेली फळी) पाणी पिऊन फुगला आहे असं समजा. सिंकखाली राखाडी रंगाचे प्लास्टिकचे पाइप दिसले तर ते बहुधा पॉलिब्युटिलीनचे. १९८० च्या दशकातल्या घरांत ते खूप वापरले गेले आणि पुढे फुटण्यासाठी बदनाम झाले. सगळे बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. छतावर डागडुजीचे किती थर चढलेत ते विचारा. दारं-खिडक्या नीट बंद होत नसतील तर घर एका बाजूला खचलेलं असू शकतं. या घरांची तपासणी करणारा वेगळा इन्स्पेक्टर गाठा आणि त्याला घराखाली शिरायला लावा. आपल्या भागात भूकंपाचे आधार बसवलेत का, हे त्याने पाहायलाच हवं. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात अशी हजारो घरं खालच्या आधारांवरून घसरली होती.

कागदपत्रं राज्याच्या गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे एचसीडीकडे असतात. टायटल, म्हणजे मालकीचा कागद, कोणाच्या नावावर आहे, त्यावर कर्ज किंवा थकलेला कर आहे का, हे तिथून तपासून घ्या. पार्कही तुमचा अर्ज तपासतो, उत्पन्न बघतो आणि मगच मंजुरी देतो. ती लेखी मंजुरी हातात येईपर्यंत विकणाऱ्याला रोख ॲडव्हान्स देऊ नका. पैसे एस्क्रोमध्येच, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत ते सांभाळणाऱ्या त्रयस्थाकडेच ठेवा आणि अपार्टमेंट सोडण्याची नोटीसही त्यानंतरच द्या.