अँबेसेडर मागून झुकलीय? पाटे उतरवण्याआधी टेप काढा

आमची १९८४ची मार्क-४ अँबेसेडर मागून डावीकडे बसली होती. एका गॅरेजने डावे पाटे (चाकावर गाडी तोलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) नवे घातले. पैसे गेले, झोक मात्र तसाच राहिला, कारण दोष मागे नव्हताच. पुढचा डावा टॉर्शन बार (पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी) सैल पडला होता. अँबेसेडरला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे. पुढचा एक कोपरा खाली आला की सगळी बॉडी त्या बाजूला कलते आणि बघणाऱ्याला मागचा पाटाच बसल्यासारखा वाटतो.

म्हणून आधी मोजमाप. डिकी रिकामी करा, दोन्ही बाजूंच्या टायरांत हवा सारखी भरा आणि गाडी सपाट फरशीवर घ्या. मागचा बंपर दोनदा दाबून सोडा, म्हणजे गाडी तिच्या जागी बसते. आता मागच्या चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्हीकडे मोजा. जुन्या गाडीत सेंटिमीटरभर फरक मी सोडून देतो. दोन-अडीच निघाला तर पुढे जा.

मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर लाकडी फळी ठेवून जॅकने गाडीचा पुढचा भाग उचला. आता डावी-उजवी बाजू फक्त मागचे पाटे तोलतात. पुन्हा मोजा. फरक गेला तर मागच्या पाट्यांना हात लावू नका, टॉर्शन बार जाणत्या मिस्त्रीकडून लावून घ्या. फरक राहिला तर दोष मागेच आहे. या अवस्थेत गाडीखाली मात्र अजिबात शिरू नका.

दोष मागे निघाला तर गाडी मागून उचलून बॉडीखाली मजबूत जागी घोड्या (गाडी तोलून धरणारे स्टँड) लावा आणि मगच खाली जा. तारेच्या ब्रशने पाटे साफ करा. तडा असेल तिथे गंजाची बारीक रेघ दिसते. स्पीडब्रेकरवर ‘खट्’ आवाज येत असेल तर शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) रबरी बुश बघा. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर कडक होऊन चिरतं. गाडी तिरकी चालत असेल तर दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. एका बाजूला वेगळं आलं तर सेंटर बोल्ट (पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा) तुटून अॅक्सल सरकला असण्याची शक्यता मोठी. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, गाडी रस्त्यावर काढू नका.

पाटे काढायचे तर यू बोल्टच्या (अॅक्सल पाट्यांना बांधणाऱ्या) नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. अॅक्सलचं वजन जॅकवर घ्या. तो लोंबकळला तर ब्रेकचा होज ताणला जातो. शॉकअपची जोडणी, यू बोल्ट, शॅकल आणि शेवटी पाट्याची पुढची पिन, या क्रमाने सोडवा. तडा गेलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नका, तापवल्यावर त्याचं पाणी (पोलादाचा लवचिक कडकपणा) उतरतं आणि तो पुन्हा तुटतो. नुसते बसलेले पाटे असतील तर नागपूरजवळच्या वाडीकडे ट्रकचं काम करणाऱ्या गॅरेजांत चौकशी करा. कमान मारून (पुन्हा वाकवून), पाणी देऊन घ्यायचे, तेही दोन्ही बाजूंचे एकदम.

परत बसवताना यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवेच वापरा. बुशना ग्रीस लावू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी पुरतं. यू बोल्टचे नट आळीपाळीने, समोरासमोरचे आवळा. आणि हे फार लोक चुकवतात: बुशांमधले बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन आल्यावरच शेवटचे आवळायचे. गाडी हवेत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं.

नवे पाटे थोडे बसतात, त्यामुळे यू बोल्ट सैल होतात. मी रामटेकला जाऊन येतो, येऊन-जाऊन शंभरेक किलोमीटर होतात. परतल्यावर गाडी थंड झाली की पुन्हा पाना लावतो आणि त्याच फरशीवर पुन्हा टेप धरतो.