मृगाच्या सरी आणि सीताफळाचा बहार

एप्रिल-मे महिन्यांत सीताफळाची झाडे फुलांनी लगडतात आणि त्यांतली बहुतेक फुले गळून जातात, ही बागायतदारांची दरवर्षीची तक्रार आहे. गळ पाहून संजीवकांच्या (वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांच्या) फवारण्या वाढवण्याआधी सकाळी बागेत जाऊन एक फूल हातात घेऊन पाहावे.

या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, परंतु ते एकाच वेळी तयार होत नाहीत. तीन मांसल पाकळ्या जेमतेम विलग होतात, तेव्हा आतल्या शंकूवरील कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसरांची पराग झेलणारी टोके, ओलसर, चकचकीत आणि चिकट असतात. ही मादी अवस्था होय. पुढे पाकळ्या पूर्ण फाकतात, पांढुरके पुंकेसर तपकिरी होऊन सुटे होतात आणि पराग मोकळा होतो, पण तोवर त्याच फुलातील कुक्षी सुकलेल्या असतात. त्यामुळे पराग दुसऱ्या फुलाकडून यावा लागतो. हे काम मधमाश्या नव्हे, तर पाकळ्यांच्या फटीतून आत शिरणारे बारीक भुंगेरे करतात. कोरड्या उन्हात कुक्षी लवकर वाळतात, दमट हवेत अधिक काळ ओल्या राहतात. म्हणूनच मृगाच्या सरींनंतर फळे धरू लागतात.

फळावरचा प्रत्येक डोळा म्हणजे मुळात एक स्वतंत्र स्त्रीकेसर. जिथे फलन झाले तिथे बी धरते व गर भरतो, जिथे झाले नाही तो डोळा दबलेला राहतो. वाकडे फळ म्हणून भाव पडला असेल, तर ते कापून पाहावे. दबलेल्या बाजूला बिया क्वचितच सापडतील.

ज्यांच्याकडे मजूर आहेत त्यांनी हाताने परागीभवन अवश्य करावे. दुसऱ्या दिवशी फाकतील अशी फुले संध्याकाळी खुडून कागदावर पसरावीत आणि सकाळी झटकून पराग वाटीत गोळा करावा. चित्रकलेचा मऊ कुंचला त्यात बुडवावा, मादी अवस्थेतील फुलाच्या पाकळ्या दोन बोटांनी हलकेच विलग कराव्यात आणि कुंचला शंकूभोवती सर्व बाजूंनी फिरवावा; एकाच बाजूने फिरवल्यास फळ वाकडेच येईल. पराग त्याच सकाळी, ऊन तापण्यापूर्वी वापरून संपवावा. शेंड्याकडील बारीक फांद्या सोडून जाड फांद्यांवरील फुले निवडावीत, कारण फळाचे वजन त्याच पेलतात.

बहार चालू असताना कीटकनाशकाची सरसकट फवारणी टाळावी, नाहीतर भुंगेरेही मरतात. पिठ्या ढेकूण या रस शोषणाऱ्या किडीसाठी खोडाला चिकट पट्टा बांधावा व मुंग्यांचा बंदोबस्त करावा. फवारणी गरजेचीच असेल, तर दमट हवेत, संध्याकाळी व्हर्टिसिलियम लेकॅनी या जैविक बुरशीची करावी.

कुंचला फिरवलेल्या फुलांच्या देठाला रंगीत दोरा बांधून आठवड्याने पाहावे. फलन झालेला शंकू हिरवा राहून फुगू लागतो आणि न झालेला तपकिरी पडून गळतो. दोऱ्याची फुलेच अधिक गळत असतील, तर पराग गोळा करण्याची वेळ बदलून पुन्हा प्रयत्न करावा.