लंडनला मुलांकडे जाताय ना, मग एक दिवस वाइनयार्डला काढा

बडोद्यातून दर उन्हाळ्यात किती आईबाबा लंडनला जातात, आणि सगळे तेच लंडन आय नि बिग बेन बघून, वेम्बलीत भाजी घेऊन परत. इंग्लंडात द्राक्षं होतात हे सांगितलं तर लोक हसतात. पण होतात, आणि बघायला जाणं अगदी सोपं आहे.

आधी महिना ठरवा. मे-जूनमध्ये गेलात तर नुसती पानं, फार तर जूनअखेर बारीक फुलोरा, द्राक्ष एकही नाही. नाशिकला जानेवारी ते मार्च तोडणी असते, तिकडे ती सप्टेंबरअखेर सुरू होऊन ऑक्टोबरात चालते, म्हणजे नेमकी नवरात्राच्या आसपास, तेव्हा गरबा सोडायची तयारी असेल तरच तोडणी बघायला मिळेल.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सरळ डॉर्किंगचं डेन्बीज वाइनयार्ड गाठावं. 1986 पासूनची लागवड, 265 एकर, वॉटर्लू किंवा व्हिक्टोरियाहून ट्रेनने तासाभरात डॉर्किंग आणि स्टेशनपासून चालत. गाडी नेऊच नका, चालवणाऱ्याला दिवसभर नुसता वास घेत बसावं लागतं. मळ्यातून सार्वजनिक पायवाटा आहेत, त्यावर फिरायला पैसे नाहीत, टूर मात्र आधी ऑनलाइन बुक करा.

मळ्यात फिरताना खाली बघा. ओळींमध्ये पांढरे खडूसारखे खडे दिसतील तो चॉक, पाणी झिरपून जातं पण थोडं धरूनही ठेवतो, आणि फ्रान्सच्या शॅम्पेन भागातही असाच चॉक आहे. 1988 मध्ये ससेक्सच्या नायटिंबर मळ्याने शॅम्पेनच्या द्राक्षाच्या जाती लावल्या, तोवर तिकडे बहुतेक लवकर पिकणाऱ्या जर्मन जातीच असायच्या, आणि 2015 मध्ये तर खुद्द शॅम्पेनवाल्या टेटांजे कंपनीने केंटमध्ये जमीन घेतली. हवा गरम होतेय त्याचा फायदा आहेच, पण एप्रिल-मेमध्ये एका रात्रीच्या हिमाने वेलीचे कोवळे कोंब जळून जातात. काही मळ्यांत मग रात्रभर ओळीओळीत मोठाल्या मेणबत्त्या पेटवून ठेवतात. गाइडला विचारा, यंदा फ्रॉस्ट किती लागला, मग बघा माणूस कसा खुलतो, शेतकरी इथून तिथून सारखाच.

सेलरमध्ये, म्हणजे वाइन ठेवायच्या तळघरात, शॅम्पेनसारख्या फसफसत्या वाइनमध्ये बुडबुडे कसे येतात तो भाग नीट समजून घ्या, खरी मजा तिथेच. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात, आतल्या आत पुन्हा आंबते आणि गॅस कोंडतो, मोटारच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट दाब. मग महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं ठेवून बाटली हळूहळू फिरवत उलटी करत नेतात, गाळ तोंडाशी आला की मान गोठवून झाकण उडवतात आणि बर्फाचा बोळा फटकन बाहेर.

टेस्टिंगला थोडी मनाची तयारी ठेवा, कारण आपल्याकडे वरणातसुद्धा गूळ लागतो आणि ही वाइन चांगलीच आंबट, थंडीत द्राक्षाचा आंबटपणा मुरतच नाही. लेबलवर ब्रूट असेल तर लिटरला जास्तीत जास्त 12 ग्रॅम साखर, गोड हवी तर डेमी-सेक मागा. नाही आवडली तर थुंकायला भांडं असतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि हो, व्हेजिटेरियन असाल तर बुक करतानाच विचारा, वाइन निवळायला कधीकधी अंड्याचा बलक नव्हे तर पांढरा भाग, किंवा माशापासून काढलेलं आयसिंग्लास वापरतात, वीगन लिहिलेली बाटली घेतली की प्रश्न मिटला.

बाटली साधारण 30 पौंडांच्या आसपास पडते. लेबलवर इंग्लिश वाइन लिहिलंय ना ते बघून घ्या, ब्रिटिश वाइन म्हणजे बाहेरून आणलेल्या द्राक्षरसाची, ती स्वस्त असते पण या मळ्यांशी तिचा काही संबंध नाही. घरी नेऊन थंडगार करा आणि बडोद्याहून नेलेल्या लीलो चेवड्याबरोबर घ्या, खारट तळलेल्याबरोबर हा आंबटपणा एकदम जमतो, महागडं चीज घ्यायची काही गरज नाही.

फक्त ती तिथेच संपवा. विमानातून दोन लिटरची सूट आहे असं कोणी सांगेल, ती कस्टमची झाली, गुजरातच्या दारूबंदीला ती लागू नाही आणि परमिटशिवाय बाटली बॅगेत सापडली तर सरळ पोलीस केस.