आल्फा प्रोटॉनवर आपटून मागे का येत नाही, कागदावर काढून बघा

१९०९ साली गायगर आणि मार्सडेनने सोन्याच्या वर्खावर आल्फा कण (हेलियमची अणुकेंद्रकं) सोडले आणि त्यातले काही चक्क उलटे फिरले, हे सगळ्यांना पाठ असतं. पण वर्खाच्या जागी हायड्रोजन (त्याचं अणुकेंद्रक म्हणजे एक प्रोटॉन) ठेवला तर तोच आल्फा १४.५ अंशांपेक्षा जास्त वळूच शकत नाही, टक्कर अगदी समोरासमोर झाली तरी. फॉर्म्युल्यात घुसण्याआधी पट्टी-कंपास घ्या.

आल्फाचा वेग म्हणून १० सेंमीचा बाण धरा. वस्तुमानं ४ आणि १, म्हणजे सेंटर ऑफ मासचा (दोघांच्या मिळून वस्तुमानकेंद्राचा) वेग त्याच्या ४/५, तो ८ सेंमीचा बाण काढा. आता या सेंटरबरोबर आपणही पळतोय असं समजा, तिथून आल्फा फक्त २ सेंमी वेगाने येतो, प्रोटॉन समोरून ८ ने, आणि टक्कर इलॅस्टिक (एकूण गतिज ऊर्जा न बदलणारी) असल्यामुळे दोघांचे वेग तेवढेच राहतात, नुसती दिशा फिरते. म्हणून ८ सेंमीच्या बाणाच्या टोकाशी २ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. बाणाच्या शेपटीपासून त्या वर्तुळावरच्या कुठल्याही बिंदूपर्यंतची रेघ म्हणजे लॅबमध्ये (स्थिर उभं राहून बघणाऱ्याला) दिसणारा आल्फाचा नवा वेग, बस. शेपटीतून स्पर्शिका काढून कोन मोजा, साइन २/८, तोच १४.५. समोरासमोरच्या टकरीत सेंटरवाल्याला आल्फा १८० अंश उलटा गेलेला दिसतो पण लॅबवाल्याला तो ६ सेंमी वेगाने पुढेच जाताना दिसतो, एनर्जी वर्गाने बदलते म्हणून आल्फा ५.५ एमईव्हीचा (एमईव्ही हे ऊर्जेचं एकक) धरला तर साधारण २ उरतात, बाकीची प्रोटॉन घेऊन जातो.

मधल्या कुठल्याही कोनाची रेघ वर्तुळाला दोनदा कापते, म्हणजे एकाच कोनावर दोन वेगवेगळ्या एनर्जीचे आल्फा. डेटा बघताना इथे गोंधळ होतो.

सोन्यासाठी हाच बाण जेमतेम २ मिमीचा आणि वर्तुळ ९.८ सेंमीचं, शेपटी आतच, त्यामुळे सगळे कोन मोकळे.

रदरफर्डचा फॉर्म्युला (कुठल्या कोनात किती आल्फा जातील ते सांगणारा) लावताना मात्र कोन आणि एनर्जी दोन्ही सेंटरवाल्याच्या घ्या (हायड्रोजनसाठी ५.५ नाही, १.१ एमईव्ही), आणि लॅबमध्ये परत येताना सॉलिड अँगलही (घनकोन) बदलतो, तो फॅक्टर बरेच जण खाऊन टाकतात. हेलियमवर आल्फा सोडला तर तो ४ कॉस(लॅबचा कोन) असतो. हेलियमला अजून एक भानगड आहे, दोन्ही कण एकसारखेच, त्यामुळे कुठला आपला हे सांगताच येत नाही, आणि चॅडविकने १९३० मध्ये हळू आल्फा वापरून ४५ अंशांवर मोजले तर क्लासिकल (क्वांटम परिणाम न धरणाऱ्या) हिशोबाच्या जवळपास दुप्पट भरले.