जुने युरोपीय चोरीपट कसे पाहावेत

१९५० ते १९७० या काळातील फ्रेंच आणि इटालियन चोरीपटांची गोडी लागायची असेल, तर लूट किती मोठी आहे यापेक्षा माणसे काम कसे करतात याकडे लक्ष द्यावे. या चित्रपटांतील निष्णात चोर हा मुळात कसबी कारागीर असतो. ओव्हरकोट, हॅट आणि सिगारेट यांचा रुबाब त्याला शोभतो तो त्या कसबामुळेच, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात ज्यूल्स डॅसिन यांच्या १९५५ सालच्या ‘रिफिफी’ने करावी. दिवे मालवावेत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि शक्य असल्यास हेडफोन लावावेत, कारण पॅरिसमधील जवाहिऱ्याच्या दुकानावरील दरोड्याच्या सुमारे अर्ध्या तासाच्या प्रसंगात ना संवाद आहे, ना पार्श्वसंगीत. दुकानाच्या वरच्या घरातील जमिनीला आधी लहानसे भोक पाडले जाते, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडली जाते, आणि पुढे सुटणारा गिलाव्याचा प्रत्येक तुकडा त्या छत्रीत अलगद झेलला जातो; किंचित हादऱ्यानेही धोक्याची घंटा वाजेल, हे आपल्याला आधीच ठाऊक असल्यामुळे आपणही श्वास रोखून धरतो. हा प्रसंग मध्येच थांबवून पाहू नये. तिजोरी फोडणाऱ्या सेझारच्या भूमिकेत स्वतः डॅसिनच आहेत, तेव्हा त्यांच्या बोटांकडे जरूर पाहावे.

‘रिफिफी’ची नक्कल करताना सगळेच फसलेली टोळी पाहायची असेल, तर मारिओ मोनिचेल्ली यांचा १९५८ सालचा ‘इ सोलिती इन्योती’ लगेच पाहावा. चुकीची भिंत फोडून ही मंडळी अखेर स्वयंपाकघरात जेवायला बसतात, त्यातली गंमत मूळ चित्रपट ताजा असतानाच पुरती कळते.

मग थोडे दिवस जाऊ देऊन जाँ-पिएर मेलव्हिल यांचा १९७० सालचा ‘ल सर्क्ल रूज’ घ्यावा. त्याच्या आरंभी गौतम बुद्धांच्या नावाने येणारे वचन मेलव्हिल यांनीच रचलेले आहे, हे आपल्याकडील प्रेक्षकाने ध्यानात ठेवावे. ईव्ह मोंताँ यांनी साकारलेला, दारूने पोखरलेला माजी पोलीस गोळ्या स्वतः ओततो, तिकाटण्यावर बंदूक बसवून नेम धरतो आणि ऐन वेळी ती काढून, केवळ हातांच्या भरवशावर चाप ओढतो. दुसऱ्यांदा पाहताना उपशीर्षके बंद करून हा एकच प्रसंग पाहावा. त्या माणसाचे हात थरथरतात की नाही, एवढेच पाहावे.